आयुष्याच्या एका वर्षाची किंमत कुणाला विचारून ठरवलीत?

प्रति,
मा. सचिव, आरोग्य संशोधन विभाग, भारत सरकार,
तसेच आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाचं (एचटीएइन) काम पाहणारे सर्व तज्ज्ञ,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

कुठलं औषध, कुठलं यंत्र, कुठली शस्त्रक्रिया सरकारी पैशातून द्यावी, याचा सल्ला देण्यासाठी २०१७ साली तुमची यंत्रणा उभी राहिली. तिच्या हिशेबात एक आकडा सगळ्यांत वजनदार आहे. एखाद्या उपचाराने माणसाला धडधाकट आयुष्याचं एक वर्ष मिळायला देशाच्या दरडोई जीडीपीपेक्षा, म्हणजे आजच्या घडीला सव्वादोन-अडीच लाख रुपयांपेक्षा जास्त खर्च येत असेल, तर तो उपचार किफायतशीर मानला जात नाही. ही रेघ आमच्यापैकी कुणाला विचारून ओढलेली नाही. दुसरीकडे, लोकांची 'पैसे देण्याची तयारी' मोजून ती ठरवावी असं म्हणणारेही अभ्यासक आहेत. मला दोन्हींबद्दल बोलायचं आहे. हा विषय बंद पाकिटातला नाही, म्हणून पत्र खुलं ठेवते आहे.

आधी मी कोण ते सांगते. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) होते आणि तिथूनच निवृत्त झाले. बाहेर हे पद फारसं कुणाला ठाऊक नसतं. औषधाची किंवा इम्प्लांटची चिठ्ठी हातात पडली आणि नातेवाइकाचा चेहरा उतरला, की डॉक्टर त्याला आमच्या खोलीकडे पाठवतात. आम्ही रेशनकार्डाचा रंग बघायचा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आहे का विचारायचं, योजनेत बसतंय का पाहायचं, नाहीच बसलं तर ट्रस्टांच्या नावाने पत्रं लिहायची. आणि या सगळ्याआधी एक प्रश्न विचारायचा: "तुमच्याकडून किती होतील?"

तुम्ही ज्याला पैसे देण्याची तयारी म्हणता, तो हाच प्रश्न. फक्त तुमच्या सर्वेक्षणात आजार कल्पनेतला असतो. माझ्यासमोर बसलेल्या माणसाचा पोरगा वरच्या मजल्यावर वॉर्डात असायचा.

या प्रश्नाची उत्तरं कशी तयार होतात ते मी जवळून पाहिलं आहे. पहिलं उत्तर बहुधा "मॅडम, तुम्ही म्हणाल तेवढे" असं असतं. दुसरं उत्तर मी आधी कोणता आकडा उच्चारला यावर ठरतं. मी पन्नास हजार म्हटलं तर माणूस तिसावर येतो, वीस म्हटलं तर बारावर. या दोषाला अर्थशास्त्रात नाव आहे आणि तो टाळायच्या युक्त्याही आहेत, हे मला निवृत्तीनंतर वाचून कळलं. तिसरं उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, गावाकडे फोन झाल्यावर. त्यात मुकादमाची उचल असते, सोनाराकडे ठेवलेली पोत असते, बहिणीने बचत गटातून काढलेलं कर्ज असतं. हा तिसरा आकडा अभ्यासकांना सगळ्यांत खरा वाटेल, कारण तो रोख आहे. पण त्या बापाला मुलगा किती हवा आहे, याबद्दल तो काहीच सांगत नाही. त्याला कोण किती उधार देतं, एवढंच त्यातून कळतं.

मोजमापाला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. न मोजता जे चालतं ते याहून वाईट असतं. फेब्रुवारी २०१७ पर्यंत हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या औषधी (औषधाचा लेप असलेल्या) स्टेंटचे रुग्णाकडून लाखाच्या पुढे पैसे घेतले जात. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने हिशेब तपासला, तेव्हा काही स्टेंटवर साडेसहाशे टक्क्यांपर्यंत नफा निघाला. मग साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० आणि औषधी स्टेंटला २९,६०० रुपयांची मर्यादा आली. त्याआधीची किंमत उभी होती कॅथलॅबबाहेरच्या बायकोच्या जोरावर. आत नवरा टेबलावर आहे, कुणीतरी बाहेर येऊन विचारतं, "साधा टाकू की इम्पोर्टेड?" त्या क्षणी ती कशालाही हो म्हणते. ग्राहक म्हणून तिची तयारी मोजली तर आकडा प्रचंड येईल आणि तो काहीच कामाचा नसेल. तुमच्या यंत्रणेने सुरुवातीच्या काळात मोतीबिंदूच्या लेन्सचा आणि पुन्हा वापरता न येणाऱ्या सिरिंजांचा अभ्यास केला. असं काम व्हायलाच हवं होतं. कुठली लेन्स पुरेशी आणि कुठली नुसतीच महाग, हे विकणाऱ्याखेरीज कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता तक्रारी.

पहिली त्या रेषेची. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका आयोगाने २००१ साली दरडोई जीडीपीच्या एक ते तीन पट असा ठोकताळा दिला आणि पुढे देशोदेशींच्या अभ्यासांनी तो जसाच्या तसा उचलला. २०१६ साली त्याच संघटनेच्या तज्ज्ञांनी लिहिलं की, केवळ या आकड्यावर विसंबून निर्णय घेऊ नका. आपण त्यातला 'एक पट' धरून बसलो. दरडोई जीडीपी म्हणजे देश माणशी किती उत्पादन करतो त्याचा आकडा. सरकार आरोग्यावर किती खर्च करतं किंवा नवं औषध घेतलं तर जुन्यातलं काय मागे सरेल, याचा त्यात मागमूस नाही. या देशात २०२१-२२ साली आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले, असं सरकारचेच राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. सरकारने 'किफायतशीर नाही' म्हटल्यावर तो खर्च थांबत नाही. तो माझ्या टेबलापाशी येतो.

थायलंडचं उदाहरण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, कारण आपल्याकडच्या मूल्यमापनाची चर्चा त्या देशाच्या नावाशिवाय होत नाही. तिथेही रेघ आहे, एका क्वालीमागे, म्हणजे धडधाकट आयुष्याच्या एका वर्षामागे, १ लाख ६० हजार बाट. डायलिसिस तिथल्या हिशेबात रेषेच्या वर गेलं होतं. तरीही २००८ साली त्यांनी ते सरकारी योजनेत घेतलं, कारण किडनीच्या आजारात घरंच्या घरं बुडत होती. त्यातल्या त्यात पेलवेल म्हणून पोटाचं डायलिसिस आधी द्यायचं ठरवलं. हिशेब केला, तो लोकांसमोर ठेवला आणि मग तो ओलांडून निर्णय घेतला. आपण त्यांचं गणित आणलं. गणित ओलांडायचं कधी आणि कोणी, याची रीत काही आणली नाही.

दुसरी तक्रार तयारी मोजण्याच्या पद्धतीची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. सर्वेक्षण करणारा येतो. समजा तुम्हाला अमुक आजार झाला, या औषधाने इतका आराम पडेल, पाच हजार द्याल का? हो म्हटलं तर दहा विचारतो, नाही म्हटलं तर अडीच. शेकडो घरांत असं फिरून सरासरी काढली जाते. या अभ्यासांचे निष्कर्ष वाचताना एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: ज्यांचं उत्पन्न जास्त त्यांनी जास्त रक्कम सांगितली, तेव्हा आमची पद्धत विश्वासार्ह आहे. म्हणजे श्रीमंताच्या जिवाची किंमत जास्त निघाली, यालाच मोजपट्टी बरोबर असल्याचा पुरावा मानायचं. आमच्या राज्यात दरडोई उत्पन्नाच्या यादीत मुंबई, ठाणे, पुणे वर असतात आणि नंदुरबार, गडचिरोली तळाला. या पद्धतीने अक्कलकुव्यातलं आयुष्याचं एक वर्ष मलबार हिलच्या वर्षापेक्षा कितीतरी स्वस्त ठरेल. सरासरी काढली की हे दिसेनासं होतं, पण आकड्याच्या पोटात ते राहतंच.

याहून मला खटकलं ते शून्याचं. "मी कशाला देऊ? दवाखाना सरकारचा आहे, सरकारने द्यावं," असं उत्तर देणारे असतातच. या शास्त्रात त्याला निषेधाचं शून्य म्हणतात. त्या माणसाने प्रश्नच मान्य केला नाही असं धरून त्याचं उत्तर पुष्कळदा विश्लेषणातून वगळलं जातं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात पारावर हा प्रश्न विचारून बघा. उपचाराचा खर्च कोणी उचलावा याबद्दल त्या म्हाताऱ्याचं मत पक्कं आहे, आणि ते त्याने तुम्हाला स्वच्छ सांगितलं आहे. तुम्हाला रुपयांत उत्तर हवं होतं म्हणून तो मोजणीतून बाहेर. निवडणुकीत त्याचं मत मोजतात, इथे नाही.

प्रश्न वेगळा विचारता येतो. तुझ्या खिशातून किती, असं न विचारता सगळ्यांच्या करातून या आजारावर किती खर्च व्हावा असं विचारा. वॉर्डात मी पाहिलं आहे: स्वतःच्या माणसाच्या औषधाला पैसे नाहीत म्हणून माझ्यापुढे रडलेली बाई शेजारच्या खाटेवरच्या पोरासाठी वर्गणी निघाली की पदराची गाठ सोडायची. दोन्ही वेळा बाई तीच, परिस्थिती तीच. अभ्यासकांनाही हा फरक माहीत आहे, त्यावर लिहिलंही जातं. मग धोरणाच्या टेबलावर खिशाचा प्रश्नच का पोहोचतो?

तिसरी तक्रार घरातल्या बायकांची. सर्वेक्षण पुष्कळदा कुटुंबप्रमुखाशी बोलतं. माझ्या खोलीतही बहुतेकदा पुरुषच बोलायचा. मुलग्यासाठी जमीन गहाण ठेवायला निघालेला माणूस सुनेच्या वेळी "गावाकडे नेतो, तिकडेच बघू" म्हणायचा. दोन्ही उत्तरं प्रामाणिक होती. त्या घराची 'तयारी' तुम्ही जशीच्या तशी नोंदवलीत तर घरातला भेदभाव राष्ट्रीय आकडा होऊन बसेल. देशात जिवंत किडनीदात्यांत बायका जास्त आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. पैसे देण्याच्या तयारीत जिचं नाव येत नाही, ती अवयव द्यायच्या वेळी बरोबर सापडते.

आयुष्याची गुणवत्ता मोजायचे जे पाच प्रश्न आहेत, हिंडणं-फिरणं, स्वतःचं स्वतः करणं, नेहमीची कामं, वेदना, चिंता, त्यांचंही हेच होतं. चंडीगडच्या पीजीआयने भारतीयांच्या उत्तरांवरून त्यांची मूल्यं काढली, २०२२ साली ती प्रसिद्ध झाली. परदेशी मूल्यं उसनी घेण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. पण डायलिसिसवरच्या बाईला "नेहमीची कामं जमतात का?" विचारा. ती म्हणते, "करते की." ज्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी, आहे त्याच हाताने ती हंडा उचलते. डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हणून बजावलेलं असतं, पण घरात दुसरं कोण आहे? तुमच्या कागदावर ती ठणठणीत दिसणार. ठणठणीत दिसली की याहून चांगल्या उपचाराने तिला होणारा फायदा कमी भरणार. वर तिचा बुडालेला रोजगार या रकान्यात अनेकदा शून्य, कारण ती 'घरीच असते'.

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या फुटपाथवर मुक्काम करून केमो घेणाऱ्यांचा प्रवास, जेवण, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, हे सगळं समाजाच्या बाजूने हिशेब करताना धरायचं असतं. प्रत्येक अभ्यासात ते धरलं जातंच असं नाही. आणि जे अर्ध्यात उपचार सोडून गेले, त्यांचा खर्च कमी म्हणून ते स्वस्त दिसतात. एवढं सांगून पुढे जाते.

चौथी तक्रार किमतीची, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी. दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण मार्च २०२१ मध्ये आलं. पुढच्या वर्षी मदतीची मर्यादा प्रत्येक रुग्णाला ५० लाख रुपये झाली. हा आकडा आरोग्य मंत्रालयाचा आहे, तुमच्या विभागाचा नाही, हे मला कळतं. पण एका जिवाला किती, या प्रश्नाचं सरकारने दिलेलं हे सगळ्यांत उघड उत्तर आहे, आणि ते कुठल्या मूल्यमापनातून आलं हे कुठे नीट सांगितलेलं नाही. एकदाच करायचा उपचार आणि जन्मभर घ्यायचं औषध, दोन्हींना एकच मर्यादा. गोशे किंवा पॉम्पे या जन्मजात आजारांत शरीरात कमी पडणारं एन्झाइम बाहेरून देतात आणि त्याचा डोस किलोवर ठरतो. पोराने अंग धरलं की आईला आनंद व्हायला हवा. इथे वजनकाट्यावर आकडा वाढला की कुप्यांची संख्या वाढते आणि ५० लाख आणखी लवकर संपतात. संपल्यावर काय, याला त्याच धोरणाचं उत्तर म्हणजे लोकवर्गणीचं पोर्टल. परक्यांची देण्याची तयारी आजमावायला मुलांची माहिती लावायची. ज्याची कहाणी मनाला भिडते, ज्याच्या वडिलांच्या ओळखी जास्त, त्याचे पैसे जमतात. हेही मूल्यमापनच आहे, फक्त त्याला नियमावली नाही.

आता एक दुसरी गोष्ट आठवा. स्नायू दुबळे करत नेणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या आजारावरचं रिसडिप्लाम हे तोंडाने घ्यायचं औषध रोश कंपनी बाटलीमागे सहा लाखांच्या आसपास विकत होती. पेटंटचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथेही कंपनीला मनाई हुकूम मिळाला नाही आणि नॅटको कंपनीचं तेच औषध १५,९०० रुपये छापील किमतीला बाजारात आलं. मूल तेच, आजार तोच, औषधाने मिळणारं आयुष्यही तेवढंच. भागाकारातला वरचा आकडा, म्हणजे खर्च, तेवढा बदलला. २०१२ साली मुख्य पेटंट नियंत्रकांनी नेक्साव्हार या कर्करोगाच्या औषधासाठी सक्तीचा परवाना (पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला ते बनवू देणारा) दिला, तेव्हा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून नऊ हजारांच्या आत आला होता. महाग उपचार ही निसर्गाची देणगी असल्यासारखं तुमचं गणित किंमत दिलेली धरून चालतं आणि जीव तपासतं. माझी विनंती आहे की, उलट करा. जीव दिलेला धरा आणि किंमत तपासा.

माझ्या मागण्या अशा आहेत.

दरडोई जीडीपीची रेघ कशावरून घेतली, ती कधी ओलांडायची आणि तो निर्णय कोण घेईल, हे लेखी जाहीर करा. गंभीर आजार, लहान मुलं आणि घर बुडवणारे खर्च यांना हिशेबात वेगळं वजन द्या आणि ते किती दिलं तेही सांगा. इंग्लंडमध्ये हेच काम करणारी नाइस संस्था गंभीर आजारांना जास्त वजन देते आणि तसं छापूनही टाकते. आपल्याला ते अवघड नाही.

लोकांची तयारी मोजायची असेल तर खिशाचा आणि कराचा, दोन्ही प्रश्न विचारा आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी छापा. घरातल्या बाईला वेगळं विचारा, पुरुषाच्या देखत नको. "सरकारने द्यावं" म्हणणाऱ्यांची टक्केवारी अहवालाच्या पहिल्या पानावर द्या. त्यांना वगळून काढलेली सरासरी धोरणासाठी वापरू नका.

'किफायतशीर नाही' असा निष्कर्ष निघाला तर त्याच अहवालात, कोणत्या किमतीला तो उपचार किफायतशीर ठरेल तो आकडा रुपयांत लिहा आणि तो घेऊन सरकारने कंपनीशी केंद्रीय पातळीवर घासाघीस करावी. ठराविक मुदतीत किंमत उतरली नाही तर पेटंट कायद्यातला सक्तीचा परवाना आहे. तो कपाटात ठेवायला केलेला नाही.

दुर्मीळ आजारांतली माणशी एकरकमी मर्यादा रद्द करा. ज्याला औषध लागू पडतं आहे असं केईएमसारखी उत्कृष्टता केंद्रं दरवर्षी तपासून सांगतील, त्याचं औषध पैशांसाठी मध्येच तुटू नये.

निर्णय घेणाऱ्या समितीत रुग्णांचे दोन प्रतिनिधी आणि सार्वजनिक रुग्णालयातला एक वैद्यकीय समाजसेवक घ्या, मतदानाच्या हक्कासह. नुसतं चहापुरतं निमंत्रण नको.

प्रत्येक अहवालाचा दोन पानी सारांश मराठीसह राज्यांच्या भाषांत काढा आणि त्यावर हरकती मागवा. मूळ अहवाल इंग्रजीतून वाचताना माझी दमछाक होते. आणि मी पदव्युत्तर शिकलेली आहे.

या पत्राचं उत्तर मला व्यक्तिशः पाठवायची गरज नाही. ते तुमच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करा.

आपली,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय),
मुंबई